पगार विचारा, पण आधी वॉर्ड विचारा

जीएनएम किंवा बीएससी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षात एकच काळजी सगळ्यांना लागलेली असते, की नोकरी मिळेल ना? मिळते. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, कुठेही जा, एखाद्या तरी हॉस्पिटलच्या गेटवर ‘स्टाफ नर्स पाहिजेत’ हा बोर्ड बारा महिने लटकलेला दिसतो. तो बारा महिने का लटकतो, हे शोधून काढण्यात खरी हुशारी आहे. जिथे सिस्टर टिकत नाहीत, तिथे जागा कायम रिकाम्या असतात. म्हणून इंटरव्ह्यूला गेलात की कॅन्टीनमध्ये, नाहीतर लिफ्टपाशी एखाद्या ज्युनिअर सिस्टरला गाठा आणि विचारा, आधीची मुलगी का सोडून गेली? एचआरच्या केबिनमध्ये जे कळणार नाही ते तिथे पाच मिनिटांत कळतं.

पण त्याआधी कागदांचं बघू, कारण चांगली चांगली मुलं अडकतात ती इथे.

निकाल लागला म्हणजे नर्स झालो असं होत नाही. जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची, बीएससीची नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. पण काम करण्याचा परवाना दोघांनाही देते ती मुंबईची महाराष्ट्र परिचर्या परिषद. ‘आरएन-आरएम’ ही अक्षरं नावापुढे लागतात ती तिथल्या नोंदणीनंतर. निकाल ते नोंदणी या मधल्या काळात बरीच हॉस्पिटलं मुलांना ‘ट्रेनी’ म्हणून घेतात. त्यात वावगं काही नाही, पण काम पूर्ण सिस्टरचं आणि पगार ट्रेनीचा, हे नोंदणी झाल्यावरही तसंच रेटत नेण्याची सवय काही ठिकाणी असते. तेव्हा नोंदणी क्रमांक हातात आला की त्या तारखेपासून पद आणि पगार बदलेल, हे ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या. तोंडी ‘बघू, करू’ म्हणणाऱ्यांचं बघणं फार लांबतं.

आता नावाची भानगड. मराठी माणसाचं नाव तीन पदरी असतं आणि प्रत्येक खिडकीवर ते वेगळ्या क्रमाने लिहिलं जातं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, मधलं नाव कधी पूर्ण तर कधी नुसतं आद्याक्षर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे एक ‘ए’ जास्त, कुठे एक ‘एच’ कमी. शिकत असताना लग्न झालेल्या मुलींचं तर मधलं नावही बदलतं आणि आडनावही. गावात हे सगळं चालून जातं. पण सरकारी नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत, आणि त्याहून जास्त आखाती देशांसाठीच्या ‘डेटाफ्लो’ तपासणीत, दहावीपासून नोंदणीपर्यंतचा प्रत्येक कागद एकमेकांशी जुळवून पाहतात. तिथे ‘ती मीच’ म्हणून भागत नाही. शेवटच्या वर्षाला असतानाच एका निवांत दुपारी सगळे कागद चटईवर मांडा आणि प्रत्येकावरचं नाव, जन्मतारीख, स्पेलिंग ताडून पाहा. फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज कॉलेजमार्फत आत्ताच करा. नावच बदललं असेल तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. कॉलेज सुटल्यावर हेच काम चौपट पायपीट करून होतं. आरक्षित प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांनी जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तर नॉन-क्रीमी लेयरची मुदतही त्याच दुपारी तपासावी.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे हिपॅटायटिस-बीची लस. तिचे तीन डोस असतात: पहिला, मग एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. कॉलेजने सुरुवातीला दिली असेल तर उत्तम, पण तिसरा डोस राहून गेलेली मुलं वर्गावर्गात सापडतात. सुई टोचण्याचे प्रसंग नव्या नर्सच्या बाबतीत होतातच. म्हणून हात वॉर्डात जाण्याआधी लस पूर्ण असलेली बरी.

नोकरीचा शोध खरं म्हणजे क्लिनिकल पोस्टिंगमध्येच सुरू झालेला असतो, फक्त मुलांना त्याचा पत्ता नसतो. तुमचा बायोडाटा एचआरकडे पोचतो त्याच्या कितीतरी आधी तुमची किंमत वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरने मनात ठरवलेली असते. ही मुलगी ओव्हरच्या वेळेला हजर असते का, केसशीट वाचते का, मावशींशी नीट बोलते का, पेशंटने बेडपॅन मागितल्यावर इकडे तिकडे बघते का, हे सगळं ती टिपत असते. त्या इन्चार्ज सिस्टरने मेट्रनच्या कानावर घातलेला एक शब्द दहा पानी फाइलपेक्षा जड असतो. शेवटच्या सहा महिन्यांत ज्या वॉर्डात मनापासून रमलात, तिथल्या इन्चार्ज बाईंना सरळ सांगा, ‘सिस्टर, मला इथेच काम करायचंय, जागा निघाली तर कळवाल का?’ यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांनाही माणसं हवीच असतात.

बायोडाट्याबद्दल फार लिहायला नको. एक पान पुरे. वडिलांचा व्यवसाय, उंची, वजन, ‘छंद: गाणी ऐकणे’ हे काढून टाका. त्या जागेत कुठल्या वॉर्डात किती आठवडे काम केलं आणि तिथे काय काय हाताने केलं, ते लिहा: किती प्रसूती पाहिल्या, किती स्वतः केल्या, कॅथेटर, राइल्स ट्यूब, ट्रॅकिऑस्टॉमी केअर, ड्रेसिंग. तुमच्या लॉगबुकमध्ये हा सगळा हिशेब आधीच आहे. आणि जे केलं नाही ते लिहू नका, कारण पुढचा प्रश्न नेमका त्यावरच येतो.

नर्सिंगचा इंटरव्ह्यू हा गप्पांचा कार्यक्रम नसतो. मेट्रन किंवा नर्सिंग एज्युकेटर समोर बसलेल्या असतात आणि त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते, की ही रात्री दोन वाजता एकटी असताना पेशंटला धोका तर नाही ना करणार? म्हणून प्रश्न साधे असतात आणि अवघडही. 500 मिली सलाईन चार तासांत द्यायचंय, सेट 20 थेंबांचा आहे, मिनिटाला किती थेंब? कागद-पेन मिळतं. 500 गुणिले 20 म्हणजे 10,000 थेंब, चार तासांची 240 मिनिटं, उत्तर साधारण 42. हे सगळ्यांना येतं, पण समोर तिघं बसलेले असताना हात थरथरतो. सवय हाच त्यावर इलाज.

दुसरा प्रश्न जास्त धारदार असतो. बारा किलोचं मूल आहे, ताप आहे, डॉक्टरांनी पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम सांगितलंय, किती मिली देणार? हिशेब करणारा लगेच करतो: 180 मिलिग्रॅम. आणि मिली? इथे जी उमेदवार उत्तर देण्याऐवजी ‘बाटलीवर काय लिहिलंय?’ असं विचारते, तिची निवड तिथेच अर्धी झालेली असते. कारण हेच सिरप बाजारात वेगवेगळ्या तीव्रतेत मिळतं. 5 मिलीत 250 मिलिग्रॅम असेल तर 3.6 मिली द्यायचं, 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असेल तर 7.5 मिली. लेबल न वाचता उत्तर देणारा हुशार विद्यार्थी वॉर्डात दुप्पट डोस देऊन मोकळा होऊ शकतो. पोटॅशियम क्लोराइडबद्दलही असंच खोदून विचारतात. ते पातळ न करता थेट शिरेत कधीही ढकलायचं नसतं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. क्रॅश ट्रॉलीत काय असतं, हात धुण्याचे पाच प्रसंग कुठले, रिकामी काचेची व्हायल कुठल्या रंगाच्या डब्यात जाते (निळ्या) आणि सुई कुठे (पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात), हे ठरलेले प्रश्न. मोठ्या, एनएबीएच मानांकन असलेल्या हॉस्पिटलांत यावर हमखास भर असतो. बीएलएसचं प्रमाणपत्र असेल तर फाइलमध्ये वर ठेवा. नसेल तर शेवटच्या सत्रात करून घेण्याजोगी ही एक गोष्ट आहे.

एखादं उत्तर आलं नाही तर ‘माहीत नाही, सिनिअरना विचारून करीन’ म्हणावं. या वाक्याने कुणाची नोकरी गेल्याचं मी ऐकलेलं नाही. ठोकून दिलेल्या उत्तराने मात्र जाते.

मग त्या विचारतात, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ आणि नव्वद टक्के मुलं ‘नाही मॅडम’ म्हणून उठतात. माझ्या मते अख्ख्या इंटरव्ह्यूतली सर्वांत मोलाची वेळ हीच असते आणि ती अशी वाया जाते. विचारा की मला कुठल्या वॉर्डात टाकणार, त्या वॉर्डात नाईटला किती पेशंट आणि किती सिस्टर असतात, पहिले किती आठवडे मी सिनिअरच्या हाताखाली असेन. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स हा सर्वमान्य मापदंड आहे. ‘आमच्याकडे एक सिस्टर तीन-तीन सांभाळते’ हे कुणी अभिमानाने सांगत असेल, तर नव्याने पास झालेल्या मुलीने तिथून नमस्कार करून निघावं. पहिल्या वर्षी हाताला जे वळण लागतं ते पुढे सहज जात नाही. ओव्हर नीट देणं, औषध देण्याआधी नाव आणि मनगटावरचा बँड तपासणं, केलेलं लगेच लिहिणं हे सगळं शिकायला वरती बघणारं कुणीतरी लागतं. दोन हजार जास्त मिळतात म्हणून पंधरा खाटांच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये पहिल्या दिवसापासून एकटीने नाईट करणाऱ्या मुली वर्षभरात धीट होतात हे खरं, पण चुकीच्या गोष्टी धिटाईने करायलाही त्या तिथेच शिकतात. सगळीच लहान हॉस्पिटलं तशी असतात असं नाही. चांगला सर्जन आणि एक जुनी सिस्टर असेल तर लहान जागेत जे शिकायला मिळतं ते मोठ्या हॉस्पिटलच्या एका ठरावीक डिपार्टमेंटमध्ये मिळत नाही. ती जुनी सिस्टर आहे की नाही, तेवढं मात्र बघून घ्यावं.

सुरक्षिततेचंही विचारा, आणि संकोच न करता विचारा. कपडे बदलायची खोली कुठे आहे, तिला आतून कडी आहे का, इव्हिनिंग ड्युटी सुटल्यावर गाडी मिळते का, अंतर्गत तक्रार समितीत कोण कोण आहे. 27 नोव्हेंबर 1973 ला केईएमच्या तळघरात ड्युटी संपवून कपडे बदलत असलेल्या अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला आणि पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षं, 2015 मध्ये मृत्यू होईपर्यंत, त्याच हॉस्पिटलच्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं. हा इतिहास माहीत असलेल्या कुठल्याही मेट्रनला चेंजिंग रूमबद्दलचा प्रश्न आगाऊ वाटणार नाही. नातेवाइकांच्या मारहाणीविरुद्ध महाराष्ट्रात 2010 पासून स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात डॉक्टरांइतकंच नर्सेसनाही संरक्षण आहे. हॉस्पिटल अशा वेळी स्वतः पोलिसांत जातं की ‘मिटवून टाका’ म्हणतं, हे पुन्हा कॅन्टीनमध्येच कळेल.

पैशांचं बोलू. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016 च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी हॉस्पिटलांसाठी शिफारस केली: 200 हून जास्त खाटा असतील तर नर्सचा पगार सरकारी नर्सइतका, 100 ते 200 खाटांना त्याहून फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 खाटांना 25 टक्के कमी, आणि 50 पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना 20,000 च्या खाली नाही. आता ही शिफारसच आहे, सक्ती झालेली नाही, आणि प्रत्यक्षात काय मिळतं हे तुमच्या सिनिअर तुम्हाला सांगतीलच. तरी आकडे पाठ असावेत. घासाघीस करताना ‘मला जास्त हवेत’ म्हणण्यापेक्षा ‘समितीने इतके म्हटले आहेत’ असं म्हटलेलं ऐकून घेतलं जातं. कागदावरच्या पगारातून पीएफ, जेवण, हॉस्टेल, युनिफॉर्म जाऊन हातात किती उरतात ते विचारा. नाईट अलाउन्स आहे का आणि डबल ड्युटीचा मोबदला पैशात की सुट्टीत, हेही.

आणि बाँड. एक-दोन वर्षं सोडणार नाही असं लिहून घेतात, कुठे कोरा चेक मागतात, कुठे मूळ मार्कशीटा ‘सेफ कस्टडी’त ठेवून घेतात. 2011 मध्ये मुंबईतल्या खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सेस याच बाँडविरुद्ध संपावर गेल्या होत्या, तरी ही पद्धत पुरती गेलेली नाही. कुठे काय चालवून घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण मूळ कागद कुणाच्याही कपाटात ठेवायचे नाहीत, ही एक गोष्ट वाटाघाटीपलीकडची. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ घरी न्या. नंतर सरकारी जाहिरात निघेल, पडताळणीला बोलावतील, आणि तुमची दहावीची मार्कशीट कुणाच्या तरी तिजोरीत असेल.

सरकारी नोकरी हे बहुतेक घरांचं स्वप्न असतं आणि ते उगाच नाही. राज्याच्या अधिपरिचारिका पदाची वेतनश्रेणी 35,400 पासून सुरू होते, एम्सच्या नर्सिंग ऑफिसरची 44,900 पासून, भत्ते वेगळे. पण नुसती वाट बघत घरी बसण्यासारखी ती गोष्ट नाही. आरोग्य विभागाची 2021 ची परीक्षा पेपरफुटीत रद्द झाली आणि पुढची मोठी, 10,949 पदांची भरती निघाली ती 2023 मध्ये. मधली वर्षं ज्यांनी फक्त क्लास लावून घालवली त्यांच्यापाशी ना नोकरी होती ना अनुभव. वॉर्डात काम करत रोज दीड-दोन तास अभ्यास करणाऱ्यांचं नर्सिंगही पक्कं राहतं आणि खिसाही. राज्याच्या परीक्षेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापनही असतं, त्यामुळे नुसतं मेडिकल-सर्जिकल घोकून भागत नाही. एम्सची ‘नॉरसेट’ ही 2020 पासून सुरू झालेली सामाईक परीक्षा देशभरातल्या एम्ससाठी असते, नागपूरचं एम्सही त्यात आलं. तिथे चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात आणि 80 टक्के जागा स्त्रियांसाठी असतात, त्यामुळे ब्रदर मंडळींना तयारी अंमळ जास्तच करावी लागते. रेल्वे, लष्कराची मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, महापालिकांची हॉस्पिटलं आणि बीएससीवाल्यांसाठी समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची कंत्राटी जागा, हेही दरवाजे आहेत. शेवटच्या पदावर उपकेंद्र सांभाळायचं असतं. ज्याला खेड्यात राहायला आवडतं त्याला ते काम फार चांगलं आहे, ज्याला नाही त्याने केवळ पगार बघून जाऊ नये.

परदेशाबद्दल विचारणारे आता वर्गातले निम्मे तरी असतात. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने 2024 मध्ये मनुष्यबळाचा करार केला, त्यातही नर्सिंग आहे. जर्मनीला जायचं तर खरा अडथळा भाषेचा, बी-1, बी-2 पातळीपर्यंतची जर्मन हवी, आणि ती सहा आठवड्यांत शिकवतो म्हणणाऱ्याकडे वळूनही बघू नये. आखातात बहुतेक ठिकाणी पास झाल्यानंतरचा दोनेक वर्षांचा अनुभव लागतो, मग डेटाफ्लो, मग त्या त्या देशाची परीक्षा. म्हणजे परदेशाचा रस्ताही इथल्या पहिल्या वॉर्डातूनच जातो. एजंट नोंदणीकृत आहे का ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर पाहता येतं, आणि त्याला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये अधिक जीएसटी इतकंच घेता येतं. लाखांत आकडा सांगणाऱ्याने कितीही चकाचक ऑफिस थाटलेलं असलं तरी उठून यावं.

नोकरी सोडतानाची एक गोष्ट राहिली, ती लागतानाच माहीत असलेली बरी. अनुभव प्रमाणपत्रावर ‘अमुक यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले’ एवढंच असेल तर तो कागद बाहेर फारसा उपयोगाचा नाही. रुजू आणि कार्यमुक्त झाल्याच्या तारखा, पद, नोंदणी क्रमांक, कुठल्या वॉर्डात काम केलं, आणि हॉस्पिटलची खाटांची संख्या, इतकं त्यावर हवं. जीएनएमवाल्यांना नॉरसेटसाठी किमान 50 खाटांच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि तो शिक्षण पूर्ण झाल्यानंतरचा धरतात. नोटीस पीरियड पूर्ण करा, ओळखपत्र आणि लॉकरची चावी जमा केल्याची पोच घ्या, आणि प्रमाणपत्र हातात पडलं की तिथेच उभं राहून नावाचं स्पेलिंग वाचा.